समुपदेशनाचे दार सर्वांसाठी : एका प्रशासकाचे मनोगत

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी आपल्यासमोर जमाखर्च मांडतो आणि आपण तो औदार्याने संमत करता. यंदा अध्यक्ष महोदयांनी मला समुपदेशन विभागाविषयी, त्यातही समलैंगिक आणि पारलिंगी व्यक्तींसाठी चालणाऱ्या कामाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ नाही. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, असा प्रश्न मला पडला. तरीही मी होकार दिला, कारण या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि ती ज्यांच्यासमोर सांगावी ती माणसे आज येथे बसलेली आहेत.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा लेखा विभागात होतो. खेड्यातून आलेले एक गृहस्थ नातेवाइकाचे बिल भरण्यासाठी माझ्या टेबलाशी आले. बिल भरून झाले, पावती हातात पडली, तरी ते उभेच राहिले. शेवटी वाकून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याने आईला सांगितले की त्याला मुलींविषयी काही वाटत नाही, मुलांविषयी वाटते. यावर औषध कुठे मिळते?" एक बाप आपली अब्रू माझ्या टेबलावर ठेवून मदत मागत होता. मी मनापासून मदत केली. दोन-तीन ठिकाणी दूरध्वनी करून दूरच्या एका शहरात असा 'उपचार' करणाऱ्या दवाखान्याचा पत्ता मिळवला आणि तो त्यांच्याच पावतीच्या मागे लिहून दिला. ते हात जोडून गेले. आज आपल्या हातून एक सत्कृत्य घडले, या समाधानात मी घरी गेलो.

काही वर्षांपूर्वी तेच गृहस्थ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या नेत्रविभागात दाखल झाले. मी त्यांना ओळखले नाही. त्यांनी मला ओळखले. त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. त्या दवाखान्यात मुलाला विजेचे झटके दिले गेले, गोळ्या दिल्या गेल्या. गोळ्यांनी तो दिवसभर गुंगीत असे. शिक्षण सुटले. पुढे 'आता बरा आहे' असे सांगण्यात आले, म्हणून घरच्यांनी घाईने लग्न ठरवले. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मुलगा घर सोडून निघून गेला. "आता तो गणपतीलासुद्धा येत नाही, साहेब," असे ते म्हणाले. या वाक्याचा अर्थ कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच विचारले, "तेव्हा तुम्ही पत्ता दिला होता. आता असा एखादा पत्ता आहे का, जिथे मी जाऊन विचारीन की त्याच्याशी बोलायचे कसे?"

माझ्यापाशी तो पत्ता नव्हता. आपले रुग्णालयच तो पत्ता व्हावे, या विचाराने पुढील काम सुरू झाले.

प्रथम माझे अज्ञान किती होते ते सांगतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ सालीच समलैंगिकतेला मानसिक विकारांच्या यादीतून वगळले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. म्हणजे मी पावतीमागे पत्ता लिहिला, तेव्हा या निर्णयाला दशकाहून अधिक काळ लोटला होता. ज्ञान जगात होते. ते माझ्या टेबलापर्यंत आले नव्हते. पुढे इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या आपल्या देशातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनेही समलैंगिकता हा आजार मानण्यास कोणताही आधार नाही, असे २०१८ साली जाहीरपणे सांगितले. पारलिंगी व्यक्तींबाबतही जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात मोठा बदल केला. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांतील विसंगती तिने मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. हे वर्गीकरण २०१९ साली स्वीकारले गेले व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

जेथे आजारच नाही तेथे उपचार कशाचा करायचा? आणि उपचार करायचा नसेल तर ही माणसे रुग्णालयात कशासाठी यावीत? हा प्रश्न मला आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की वेगळेपणा हा आजार नसला तरी वेगळेपणामुळे सोसाव्या लागणाऱ्या वागणुकीने माणूस आजारी पडू शकतो. शाळेत चिडवणे, घरात मारहाण, लग्नाचा तगादा, नोकरीच्या ठिकाणी कुजबुज, आणि 'कुणाला कळले तर काय' ही चोवीस तासांची धास्ती. इलन मायर या अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखात या स्थितीचे वर्णन अल्पसंख्याकत्वाचा ताण असे केले व नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार यांचा त्याच्याशी कसा संबंध आहे, हे मांडले. डोक्यावर सतत ओझे वाहणाऱ्या माणसाची मान दुखली, तर वैद्याने मानेला लेप द्यावाच, परंतु ओझ्याचीही चौकशी करावी. मानेचा आकार बदलू पाहणारा वैद्य मात्र त्या माणसाच्या कामाचा नाही.

या विचाराने चालणाऱ्या कामाला आम्ही मराठीत 'स्वीकारशील समुपदेशन' असे म्हणतो. त्यात समुपदेशक समोरच्या व्यक्तीला 'हे कधीपासून झाले?' असे विचारत नाही, 'तुला त्रास कशाचा होतो?' असे विचारतो. नैराश्य असेल तर नैराश्यावर नेहमीसारखे उपचार होतात. झोप, भूक, अभ्यास यांची विचारपूस होते. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे आडवळण न घेता विचारले जाते, आणि उत्तर होकारार्थी आल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी नेले जाते. घरी सांगावे की नाही, कधी सांगावे, हा निर्णय त्या व्यक्तीचा असतो. समुपदेशक त्यासाठी घाई करत नाही, कारण सांगितल्यावर घराबाहेर काढले गेले तर आज रात्री झोपायचे कोठे, हा प्रश्न त्या व्यक्तीपुढे असतो, समुपदेशकापुढे नव्हे. 'लग्न केलेस की सगळे ठीक होईल' हा सल्ला आपल्या समुपदेशन कक्षात दिला जात नाही. त्या सल्ल्याने एकाच्या जागी दोन आयुष्ये खर्ची पडतात, आणि दुसरे आयुष्य कुणाच्या तरी लेकीचे असते.

कायद्याची बाजूही या सभेला ज्ञात असणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम ३ प्रमाणे एखाद्या समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक धारणांशी कुणाचे पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ प्रमाणे मानसिक आरोग्यसेवा देताना लिंग, लिंगभाव अथवा लैंगिक कल यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम २३ रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क सांगते. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे झटके देण्यास कलम ९५ ने मनाई केली आहे. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून मुक्त केले. त्या निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी समुपदेशकांचाही विचार केला आहे. जो आजारच नाही तो बरा करण्याच्या मागे न लागता, व्यक्तीला स्वतःविषयी सहज वाटावे व तिने आपले आयुष्य पुढे न्यावे यासाठी समुपदेशकांनी आधार द्यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

मद्रास उच्च न्यायालयातील एका प्रकरणाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. २०२१ साली दोन तरुणींनी घरच्यांपासून संरक्षण मागितले होते. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकालापूर्वी खुल्या न्यायालयात मान्य केले की या विषयावर आपल्या मनात पूर्वग्रह आहेत आणि आपली समज अपुरी आहे. त्यांनी स्वतः एका मानसतज्ज्ञांकडे जाऊन हा विषय समजावून घेतला आणि मग ७ जून २०२१ रोजी सविस्तर आदेश दिला. त्याच प्रकरणाच्या ओघात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले की लैंगिक कल बदलण्याचा तथाकथित उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन समजले जाईल. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना शिकण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपण लेखनिकांनी, परिचारकांनी आणि प्रशासकांनी शिकण्यात संकोच का करावा?

या विषयाला 'परदेशातून आलेले खूळ' म्हणणारे काही हितचिंतक आहेत. त्यांना मी आदरपूर्वक आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवून देऊ इच्छितो. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ सुपुत्र. त्यांचा जन्म १८८२ साली दापोली तालुक्यातील मुरूडचा. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या गृहस्थांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. ते त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालू राहिले. जे घरात विचारता येत नाही, डॉक्टरांना विचारण्याचे धाडस होत नाही, ते वाचक या मासिकाला पत्राने विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. अशाच काही उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यासाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. विषय लैंगिक आहे एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही आणि वाचकांनी शंका विचारली तर तिचे निरसन झाले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

मी हिशेबाचा माणूस असल्याने त्या दोनशे रुपयांपाशी थांबतो. तेव्हाच्या मानाने ती मोठी रक्कम होती आणि मासिक तर तोट्यात चाललेले. तरी कर्व्यांनी पत्रांना उत्तरे देणे थांबवले नाही. नाव न सांगता प्रश्न विचारणाऱ्या माणसाला न हिणवता, न घाबरवता, खरी माहिती देणे, यालाच आज आपण समुपदेशन म्हणतो. आपल्या जिल्ह्याचे मूळ असलेल्या दोन माणसांनी ते काम नव्वद वर्षांपूर्वी न्यायालयात उभे राहून केले. त्यानंतर कित्येक दशकांनी एक बाप तोच प्रश्न घेऊन रत्नागिरीत माझ्या टेबलाशी आला, तेव्हा मी त्याला काय दिले, हे आपण ऐकलेच.

आता या विभागाने काय केले ते सांगतो. यातील बहुतेक बदल डॉक्टरांच्या खोलीबाहेरचे आहेत, कारण रुग्णाचा पहिला संबंध डॉक्टरांशी येत नाही. तो केसपेपरच्या खिडकीशी येतो.

ही गोष्ट मला हिशेबानेच शिकवली. बाह्यरुग्ण विभागाची पडताळणी करताना केसपेपरचे शुल्क जमा आहे, परंतु तपासणीची नोंद नाही, अशी एक पावती आढळली. सहसा अशा वेळी माणूस कंटाळून गेलेला असतो. खिडकीवरील कर्मचाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा कळले, की साडी नेसलेली एक व्यक्ती आली होती. ओळखपत्रावर पुरुषाचे नाव होते. ते नाव भरल्या व्हरांड्यात मोठ्याने दोनदा पुकारले गेले. बाकावरील सर्वांनी माना वळवल्या. ती व्यक्ती उठली आणि बाहेर निघून गेली. कर्मचाऱ्याने नियमबाह्य काहीही केले नव्हते. नियमच तसा होता आणि तो माझ्या सहीने लागू झालेला होता. ती व्यक्ती पुन्हा आली नाही. तिला कोणते दुखणे होते, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

त्यानंतर बाह्यरुग्ण विभागात सर्वांनाच नावाऐवजी क्रमांकाने बोलावण्यास प्रारंभ झाला. केसपेपरवर 'आपणास कोणत्या नावाने हाक मारावी?' असा एक रकाना वाढवला. ओळखपत्रावरील नाव बिलासाठी व विम्यासाठी लागते. ते आतल्या नोंदीत राहते, व्हरांड्यात येत नाही. लिंगाच्या रकान्यात स्त्री व पुरुष यांखेरीज तिसरा पर्याय छापला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या आपल्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता दिली होती. आमच्या छापखान्याला दिलेला नमुना मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे जुनाच राहिला, हे मी कबूल करतो. पारलिंगी रुग्णाला दाखल करताना कोणत्या कक्षात राहणे सुरक्षित वाटेल, हे परिचारिका खाजगीत विचारतात व शक्य असेल तर स्वतंत्र खोली दिली जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे प्रौढ रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो आणि तो रक्ताचा नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. ही माहिती देणारा मराठी तक्ता समुपदेशन कक्षात लावला आहे. ज्यांना घराने दूर केले त्यांच्यासाठी या एका वाक्याचे मोल मोठे आहे.

समुपदेशकांच्या प्रशिक्षणाची सोय पूर्वी दुर्मीळ होती. आता तसे नाही. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१९ पासून मानसिक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी याच विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे अध्यापन स्वतः या समाजातील तज्ज्ञ करतात, हा त्याचा विशेष. १९९४ साली मुंबईत स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट आणि २००२ साली पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट यांनी आपल्या राज्यात पायवाट घालून दिली. खिरे यांनी या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकेही लिहिली. त्यांची 'इंद्रधनू' व 'पार्टनर' ही पुस्तके पालकांना वाचावयास देण्याजोगी आहेत.

पालकांचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण समुपदेशनाची गरज पुष्कळदा त्यांनाच अधिक असते. 'आमचे काय चुकले?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. संगोपनातील दोषामुळे मूल समलैंगिक अथवा पारलिंगी होत नाही, हे त्यांना शांतपणे आणि पुनःपुन्हा सांगावे लागते. त्यांनी मनात रंगवलेला सुनेचा, नातवंडांचा संसार एका क्षणात पुसला गेलेला असतो. त्याचे दुःख खरे असते आणि त्या दुःखालाही जागा द्यावी लागते. मात्र मुलाला वा मुलीला 'बदलून द्या' अशी मागणी आली, तर आपले समुपदेशक नम्रपणे व स्पष्टपणे नकार देतात. त्या नकारानंतर पालक उठून गेले, तर आपण कमी पडलो असे समजतो. म्हणून नकार देताच पुढच्या भेटीची वेळ दिली जाते, आणि ती भेट विनामूल्य असते.

आता पैशाविषयी, म्हणजे माझ्या प्रांताविषयी. रकाना छापणे, क्रमांक पुकारणे, आवाज खाली ठेवणे यांना खर्च जवळजवळ नाही. खर्च येतो तो समुपदेशकाच्या वेळेला. धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेप्रमाणे एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते आणि १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हे आपणास विदित आहेच. परंतु निर्धन असल्याचे सिद्ध करण्यासाठी शिधापत्रिका वा उत्पन्नाचा दाखला लागतो. ज्याचे नाव घरच्यांनी शिधापत्रिकेतून काढून टाकले, अथवा ज्याच्या दाखल्यावर त्याने सोडून दिलेले नाव आहे, तो सर्वांत निर्धन असूनही कागदावर निर्धन ठरत नाही. अशा प्रसंगी आमचे समाजसेवा अधीक्षक कागदपत्रे मिळवून देण्यास साहाय्य करतात, आणि ती मिळेपर्यंतच्या समुपदेशनाचा भार देणगी निधीतून उचलावा, अशी विनंती मी विश्वस्त मंडळापुढे ठेवलेली आहे. आजच्या सभेने ती संमत करावी, ही प्रार्थना.

काही देणगीदारांना या खर्चाविषयी शंका आहेत आणि त्या त्यांनी मला मोकळेपणाने कळवल्या, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांना माझे एवढेच निवेदन आहे, की आपल्या संस्थापकांनी न्यासपत्रात 'गरजू रुग्ण' असे शब्द लिहिले. गरजू कोणता आणि कोणता नाही, याची गाळणी त्यांनी लावली नाही. ती लावण्याचा अधिकार हिशेब ठेवणाऱ्यालाही नाही.

आपण अहवालाची पाने चाळली असतील तर एक उणीव आपल्या ध्यानात आली असेल. नेत्रविभाग, प्रसूतिविभाग, अपघात विभाग या सर्वांचे तक्ते आहेत. या कामाचा तक्ता नाही. तो अनवधानाने राहिलेला नाही. रत्नागिरीसारख्या गावात कोण कुणाच्या घरचा, कोणत्या वाडीचा, हे सर्वांना ठाऊक असते. वय, तालुका आणि महिना एवढे तीन रकाने छापले तरी माणूस ओळखू येतो. आकड्यांवाचून काम दाखवणे मला आयुष्यात प्रथमच करावे लागत आहे. परंतु ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला त्यांची नोंद कुलुपात राहावी, हेच उचित. लेखापरीक्षकांना खर्चाची प्रत्येक पावती दाखवलेली आहे. नावे दाखवलेली नाहीत.

आपल्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संप्रेरकांचे उपचार आणि लिंग-पुष्टी शस्त्रक्रिया यांची सोय आपल्याकडे नाही. त्यासाठी मोठ्या शहरातील तज्ज्ञांकडे पाठवावे लागते. आता असा पत्ता देण्यापूर्वी समुपदेशक व डॉक्टर तेथील कामाची खातरजमा करतात आणि रुग्ण परत आल्यावर विचारपूस होते. तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी आपल्या शहरातच राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. दुर्दैवाने त्या वास्तूचे नाव आपल्याकडे थट्टेसाठी घेतले जाते, आणि त्या थट्टेमुळे अनेक जण साध्या समुपदेशनासही कचरतात. ज्यांना येथवर येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक आपण केसपेपरच्या मागील बाजूस छापला आहे. कागदाच्या त्या बाजूचे महत्त्व मला इतरांपेक्षा थोडे अधिक ठाऊक आहे.

शेवटी त्या गृहस्थांविषयी. आपल्या समुपदेशक भगिनींकडे ते वर्षभर एसटीने येत राहिले. आरंभी ते मुलाविषयी बोलत. पुढे स्वतःविषयी बोलू लागले. मुलाला पहिला दूरध्वनी करण्यापूर्वी काय बोलायचे, ते त्यांनी वहीत लिहून काढले होते. प्रत्यक्षात वही मिटलेलीच राहिली आणि 'जेवलास का?' एवढेच विचारता आले, असे त्यांनी सांगितले. मुलगा अजून घरी आलेला नाही. मात्र आता दर रविवारी त्याचाच दूरध्वनी येतो. हे आपल्याला सांगण्याची परवानगी त्यांनी मला दिली आणि वर म्हणाले, "साहेब, त्या सभेत मुलाचे बापही असतील. त्यांच्यासाठी सांगा."

त्यांच्या शब्दाखातर सांगितले.